शीतळाआईच्या फ्रिजची कहाणी

ऐका शीतळाआई, तुमची कहाणी. नांदतं गाजतं एक नगर होतं. तिथं एका घरांत सगुणाबाई म्हणून सासू होती, दिनकर म्हणून तिचा मुलगा होता, मंजुळा म्हणून सून होती. सासूला साखरेचा आजार होता. तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असे. मंजुळा आपल्या हातानं तिला सुई टोची, मग पान वाढी.

फ्रिज जुना होता. मंजुळा त्यांत सगळं ठेवी, बाहेर कांही काढीना. उरलं की ठेव, आणलं की ठेव, शिजलं की ठेव. कालच्या आमटीवर आजची भाजी, भाजीवर कढत दुधाचं पातेलं. कधी पुसला नाही, कधी धुतला नाही, मागची जाळी कधी झाडली नाही. आंत वर बर्फाचा डोंगर झाला. दार नीट लागेना.

मग काय झालं? दूध नासलं. तिनं गवळ्याला बोल लावला. मग भाजी सडली. भाजीवालीला बोल लावला. मग आमटीला बुरशी आली. आतां कुणाला बोल लावावा? वर हात लावावा तर दगड, खाली हात लावावा तर ऊन. मंजुळेला कांही उमजेना. दिनकर म्हणाला, "थंड कमी होतंय, बटण वाढव." तिनं वाढवलं. वरचा बर्फ आणखी फुगला, खालचं आणखी नासलं. मग ती म्हणाली, "औषध तरी नासायला नको." तिनं इन्सुलिनची बाटली वर, बर्फाला टेकवून ठेवली.

मग सासूची साखर चढली. सुई टोचली तरी चढली, भात सोडला तरी चढली, पान अर्धं केलं तरी चढली. सासूच्या जिभेला कोरड पडली, पायांतलं बळ गेलं. मंजुळेची मति गुंग झाली. "सुई तर मी देतें, मग साखर येते कुठून?" तिची नजर लाडवांच्या डब्यावर गेली.

"आत्याबाई, खरं सांगा, चोरून गोड खातां ना?"

"नाही गं बाई."

मंजुळेनं डबा कुलपांत ठेवला. पुन्हा विचारलं. "नाही गं," सासू म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हां सासू गप्पच राहिली. तिलाच कळेना. "मी झोपेंत उठून खातें की काय?" सकाळी उठून आपलेच हात हुंगी, तुपाचा वास येतो का बघी.

पुढं श्रावणांत शीतळासप्तमी आली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार अन्न खायचं. मंजुळेनं नैवेद्य करून फ्रिजमध्ये ठेवला होता. तों दारांत एक म्हातारी आली. पदर ओला, कपाळाला मळवट. म्हणाली, "लेकी, पोळलें गं. गार पाणी दे, गार घास दे."

मंजुळेनं फ्रिज उघडला. भपकन् वास आला. नैवेद्य आंबला होता. तिला रडूं फुटलं. "आजी, काय होतंय मला कळत नाही!"

म्हातारी आंत डोकावली. "माझंच ठाणं, नि मलाच टेकायला जागा नाही!"

"तुमचं ठाणं? तें कसं, आजी?"

म्हातारीनं औषधाची बाटली काढून उजेडाशी धरली. आंत बर्फाची कणी तरंगत होती. "बर्फानं गारवा वरच अडला, खाली अन्न नासलं, वर गोठून गोठून औषधाचा गुण गेला. हें पाणी सासूला टोचतेस, वर तिलाच चोर म्हणतेस?"

मंजुळेनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, उपाय सांगा."

"वसा सांगतें, घेतलास तर टाकूं नको. बर्फ बोटभर जाड झाला की फ्रिज बंद करावा, पिन काढावी, आंतलं सगळं बाहेर काढावं. बर्फ आपला आपण वितळूं द्यावा, सुरी लावूं नये. कोमट पाण्यांत खायचा सोडा घालून पुसावं, कोरडं करावं. दाराच्या रबराच्या घड्या पुसाव्या, मागची जाळी झाडावी. मग अन्न गार करून, झांकून, वारा खेळेल असं मोकळं ठेवावं. औषध मधल्या फळीवर, बर्फापासून लांब ठेवावं."

मंजुळा माठांतलं पाणी आणायला वळली. परत येते तों दारांत कुणी नाही. शेजारणीला विचारलं, तिनं कुणी पाहिलं नव्हतं. उंबऱ्याशी ओल होती. ती म्हातारीच्या पदराची की फ्रिजमधल्या पाण्याची, तें मंजुळेला कांही उमगलं नाही.

तिनं दिनकरला हांक मारली, सासूला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बाटली पाहून तेंच सांगितलं. नवं औषध आणलं. मंजुळेनं वसा घेतला, सांगितल्यासारखा केला. हळूहळू सासूची साखर उतरली, पायांत बळ आलं.

मग मंजुळेनं सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्याबाई, चुकलें. तुम्ही कांही खाल्लं नव्हतं."

सासूचे डोळे भरून आले. म्हणाली, "खरंच नव्हतं ना गं? माझी मलाच खात्री राहिली नव्हती."

"नव्हतं, आत्याबाई. शपथेवर सांगतें."

तेव्हां कुठं सासूच्या जिवांत जीव आला.

जशी शीतळाआई त्यांना पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाचं अन्न न नासो, कुणाचं औषध न विटो, कुणा निर्दोषावर आळ न येवो. लांबलचक कहाणी थोडक्या बोलांत सांगितली, ती इथं सुफळ पुरी झाली.