तांबटाची वाटी

घड्याळ हा शब्दही जन्मला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात शेतांना पाटाचं पाणी मिळायचं. पण कुणाची पाळी कधी संपली, यावरून रोज डोकी फुटायची.

एका तांबटाने यावर तोड काढली. त्याने तांब्याची वाटी घडवली आणि तिच्या बुडाला केसाएवढं भोक पाडलं. पाण्याच्या घंगाळात सोडली की ती हळूहळू भरायची आणि बरोबर एका घटकेने बुडायची. वाटी बुडाली की पाळी संपली. भांडणं मिटली!

राजा खूश झाला. "अशी वाटी घरोघरी द्या," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "पण काय रे, उद्या लोक हिचं काय काय करतील?"

"काय करणार महाराज? पाटाचं पाणी मोजतील. फार तर चुलीवरचा भात मोजतील," तांबट हसून म्हणाला. राजाही हसला. एवढा मोठा प्रश्न, आणि दोघांनी तो हसण्यावारी नेला!

पुढे परराज्यांतून बोलावणी आली. तांबट बारा वर्षं वाट्या घडवत फिरला. आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप मिळाला, तेव्हा तो गावी परतला.

वेशीजवळच्या पारावर दोन म्हातारे गप्पा मारत होते. मध्ये ठेवलेल्या घंगाळात वाटी तरंगत होती. ती बुडाली, तसे दोघे अर्धं वाक्य टाकून उठले आणि आपापल्या वाटेने चालू लागले. तांबट बघतच राहिला.

घरी धाकट्या भावाने अभिमानाने सांगितलं, "दादा, आईची आबाळ नाही हो होत. मी, ही, दोन्ही मुलं, रोज प्रत्येकाची एक वाटी तिच्यापाशी. कुणी चुकवत नाही, आणि कुणी जास्त बसतही नाही!"

त्याने आईच्या उशाशी घंगाळात वाटी सोडली आणि तो बाहेर गेला.

आईने तांबटाचा हात घट्ट धरला. बराच वेळ ती नुसती रडली. मग म्हणाली, "तुझे वडील गेले तेव्हा तू नव्हतास. जाताना तुझ्यासाठी एक निरोप ठेवून गेलेत रे. म्हणाले, त्याला सांग, की..."

डुबुक! वाटी बुडाली.

आई तिथेच थांबली. तिने हात सोडला, ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आई, अगं बोल ना!"

"तुझी पाळी संपली बाळा. उद्या ये."

पोटच्या लेकाला, सख्खी आई असं म्हणाली! तांबटाने धावत जाऊन मेण आणलं, वाटीचं भोक बुजवलं आणि ती पुन्हा पाण्यावर सोडली.

"बघ, आता ही कधीच बुडणार नाही. सांग, काय म्हणाले बाबा?"

आईची नजर वाटीवरून हलेना. "बुडेल आता," ती पुटपुटली. "उगीच अर्धं राहील."

तांबटाने विनवण्या केल्या, वाटी अंगणात भिरकावून दिली. तरी आई घंगाळातल्या नुसत्या पाण्याकडेच पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी येण्याआधीच ती गेली, आणि बापाचा निरोपही तिच्याबरोबर गेला. तो काय होता, हे तांबटाला जन्मभर कळलं नाही.

म्हणून सांगतो, नवी वस्तू घडवताना आणि घरात आणताना ती आपल्याला कोणती सवय लावेल याचा आधीच विचार करा. कारण वस्तू फेकून देता येते, पण तिने लावलेली सवय फेकता येत नाही.