लखाईच्या तीन घोड्या

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका लहानशा गढीत लखाई नावाची राणी होती. राणी कसली, बारा घरांच्या गावाची मालकीण. तिनं देवीला नवस बोलला होता. अरबांच्या गलबतातून आमच्या तीन घोड्या येतायत, त्या सुखरूप उतरू देत. मग रोज त्यांना माझ्या हातानं भरवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही.

नवस कशासाठी? तर घाटावरच्या मोठ्या राजानं तिच्या नवऱ्याला, भानजीला, शब्द दिला होता. दसऱ्याला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत घोड्यावरून जेवढ्या गावांना वळसा घालशील, तेवढं राज्य तुझं.

मग गलबत आलं. घोड्या उतरल्या, दुधासारख्या पांढऱ्या. लखाईनं पहिलीला तुपात भिजवून पुरणपोळी भरवली. तिचं पोट फुगलं, ती आडवी झाली ती उठलीच नाही. मग दुसरीला तूपभात. तीही गेली. मग तिसरीला खीर. तीही पोट फुगून आडवी झाली, पण अजून धुगधुगी होती. आणि दसरा तर आठ दिवसांवर आलेला.

त्या गलबतावर याकूब नावाचा म्हातारा घोडेवाला होता, बरं का. वाळूत चटई टाकून दिवसातून पाच वेळा नमाज पढायचा. गावानं असं कधी पाहिलं नव्हतं. बायका म्हणाल्या, परक्याचा हात लागला तर नवस बाटेल. पण घोडी डोळे मिटायला लागली, तशी लखाई स्वतः वाळूत गेली आणि नमाज संपेपर्यंत उभी राहिली.

याकूबनं घोडीचं पोट चाचपलं. मोडक्या बोलीत विचारलं, "बाई, हिला काय चालतं, कुणी विचारलं का?"

"मला आवडतं तेच दिलं, बाबा."

"मग नवस घोडीचा, अन् जेवण तुझ्या आवडीचं."

लखाईला रडता रडता हसू आलं. मग पहिल्या दिवशी नुसतं कोमट पाणी. दुसऱ्या दिवशी वाळलं गवत. तिसऱ्या दिवशी मूठभर भिजले हरभरे. सगळं तिनंच आपल्या हातानं भरवलं. घोडी उठली.

दसऱ्याला भानजी निघाला. घोडीचे खूर धुळीला लागेनात. तीन खाड्या तिनं उडून पार केल्या. शेवटचं गाव राहिलं, तर सूर्यसुद्धा समुद्रावर टेकून क्षणभर थांबला. भानजी शंभर गावांचा राजा झाला. याकूबला बंदरावर जागा मिळाली, तिथं मशीद उभी राहिली. सकाळी बांग व्हायची, मग देवळात घंटा वाजायची. सगळी सुखानं नांदली.

तुम्हीही तसंच करा हं, बाळांनो. कुणी दुरून दाराशी आलं, तर वाढायच्या आधी त्याला विचारा, तुम्हाला काय चालतं. आता पांघरूण ओढा अन् मिटा डोळे.