चाळीस रिठ्यांचा विक्रम

"एकोणतीस गोल खाल्ले! राणूला सीमेपार हाकला!" उदंडपूरचे महाराज भरल्या दरबारात गरजले.

राणू बिचारा उदंडपूरचा गोलरक्षक. सात देशांच्या फुटबॉल स्पर्धेत उदंडपूर सहाच्या सहा सामने हरलं होतं. त्याचंही महाराजांना फारसं वाटलं नसतं, पण त्यांना नाद आकड्यांचा! पंचांनी किती शिंका दिल्या, मध्यंतरात किती लिंबं पिळली, कुठल्या संघाच्या मिशा किती बोटं लांब, सगळं कारकून टिपून ठेवत. पंचांच्या शिंका अठ्ठावन्न, हे राज्यात पोरासोरांना पाठ. त्या शिंकांचं करायचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारून मान कोण घालवणार?

ज्या आकड्यात उदंडपूर पहिलं, तो कोरायला मैदानावर चांगली पुरुषभर लांब शिळा आणून टाकली होती. आणि झालं काय? पहिला नंबर एकाच गोष्टीत आला, गोल खाण्यात! मिशांतसुद्धा शेवटून पहिले!

राणूची बायको येसू पुढे झाली. साती संघांचे कपडे तीच धूत असे.

"महाराज, घरात दोन लेकरं आहेत. धनी गेले तर आम्ही जायचं कुठं?"

"मग मला असा आकडा आण, ज्यात आपण सातांत पहिले!" महाराज म्हणाले. "आणि बाकी सहा देशांच्या एकाही राजदूताने हरकत घेता कामा नये. नाही आणलास, तर तूही चालू लाग!"

संघनायक फत्तेसिंग, म्हणजे महाराजांचे मेव्हणे, मिशीत हसले. "बाई, तुझ्या घाटावर आकडे वाहत येतात की काय?"

"येतात तर!" येसू म्हणाली आणि तिने तडक घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन हजर!

"महाराज, कपडे धुवायला आपल्याला सगळ्यात कमी रिठे लागले. बाकी संघांना पाचपाचशेच्या वर. आपल्याला फक्त चाळीस!"

रिठे सरकारी कोठारातले, मोजूनच मिळायचे. कारकुनाने वही चाळली. "खरं आहे, महाराज! चाळीसच!"

साही राजदूतांनी माना डोलावल्या. कशाला हरकत घेतील? कमी रिठ्यांचा चषक कुणाला हवा होता!

"वा!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "सातांत सगळ्यात स्वच्छ संघ आमचाच! बोलवा पाथरवटाला!"

"कोरण्याआधी एकदा बघून घ्या," असं म्हणत येसूने गाठोडं सोडलं. "शेवटच्या सामन्याचे सदरे आहेत. मैदानावरून आले तसेच ठेवलेत."

दहा सदरे पांढरेफेक. चिखल नाही, घामाचा डाग नाही, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही! फत्तेसिंगांच्या सदऱ्याला तर अत्तराचा वास! अकरावा सदरा मात्र चिखलाने लडबडलेला, दोन्ही कोपरं फाटलेली.

"हा कुणाचा?" महाराजांनी विचारलं.

"आमच्या धन्यांचा. चाळीसच्या चाळीस रिठे ह्यांच्याच सदऱ्यांना लागले, महाराज! बाकीचे दहा नुसते झटकले की झालं! एकोणतीस गोल गेले खरे, पण निदान हे आडवे तरी पडले. हाकलायचंच असेल, तर घडी न मोडलेल्यांपासून सुरुवात करा की!"

फत्तेसिंगांना उगाचच खोकला आला.

महाराजांनी मेव्हण्याचा सदरा उचलला, हुंगला, आणि असे खदाखदा हसले की मुकुट कानावर आला! "अरे फत्तेसिंगा, सामन्याला गेला होतास की लग्नाला? राणू, आजपासून संघनायक तू! आणि येसूबाई, हवं ते माग!"

"ती शिळा द्या, महाराज. कपडे आपटायला झकास आहे. पुढच्या वर्षी अकराच्या अकरा सदरे मळले, तर माझा जुना दगड पुरायचा नाही!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले. संध्याकाळच्या आत शिळा घाटावर पोचली. वाहून नेली फत्तेसिंगांनी आणि त्यांच्या नऊ गड्यांनी, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दहाही सदरे घामाने भिजले!