खानसाहेबांनी न खाल्लेली चीज

"हीही खाल्लेली आहे!" मुनव्वरखानाने येसराच्या आमटीची वाटी बाजूला सारली.

"वाटी चाटूनपुसून झाल्यावर आठवलं होय?" धुरपदा म्हणाली.

मुनव्वरखान हा मोगलांचा सुभेदार. डोंगरावरचा बादशाही किल्ला बघायला आला होता. बुरूज बघितले, जांभई दिली. तोफ बघितली, जांभई दिली. मग म्हणाला, इथलं खाणं आणा.

किल्ल्याच्या दरवाजाआत धुरपदाची चूल. साऱ्या शिबंदीला तीच रांधून घालायची. नवरा गेल्यापासून चूल हेच तिचं घर. पण खानाच्या खानसाम्याला ती जागा मेहुण्यासाठी हवी होती. त्यानेच धन्याच्या कानात अट सोडली. चीज इथलीच हवी, गडावर लहानथोर सगळ्यांनी खाल्लेली हवी, आणि खानसाहेबांनी जन्मात न खाल्लेली हवी! दुपारची नौबत झडेपर्यंत मिळाली नाही, तर म्हातारीने चूल सोडून गड उतरायचा.

आता सांगा, उभी दख्खन जेवत हिंडलेल्या माणसाने काय खायचं ठेवलेलं असणार? ठेचा खाल्लेला. अंबाडीची भाजी खाल्लेली. नान-खलिया तर रोजचाच. आता आमटीही गेली. खानसामा मिशीत हसला. वर नगारखान्यात नगारजी उठून उभा राहिला.

"जीभ आहे का पायपुसणं?" धुरपदा कडाडली. "अर्धी भाकरी टाकलीत! ज्वारी काय तटावर उगवते? आणि बोटांचं तूप गादीला पुसू नका! एवढे मोठे झालात, जेवायचं कसं ते कुणी शिकवलं नाही?"

शिपायांनी माना खाली घातल्या. खान लालबुंद झाला.

"बाई! मला असं आजवर कुणी बोललेलं नाही!"

"आई?"

"कधीच नाही!"

"उस्ताद?"

"त्याची काय छाती!"

"बेगमसाहेबा?"

"ती रुसते. बोलत नाही."

"बादशहा?"

"ते खलिता पाठवतात."

"म्हणजे जन्मात नाही?"

"जन्मात नाही!"

धुरपदा शिपायांकडे वळली. "आणि तुम्ही रे?"

"रोज, मावशी."

किल्लेदाराने दाढी खाजवली. "मीसुद्धा. सकाळीच."

"मग झालं की!" धुरपदाने पदराला हात पुसले. "इथलीच, सगळ्यांनी खाल्लेली, आणि तुम्ही जन्मात न खाल्लेली. बोलणी, सरकार! आत्ता पोटभर खाल्लीत!"

वर नौबत झडली. खानाने ताटाकडे बघितलं, धुरपदाकडे बघितलं, आणि असा हसत सुटला की शेजारची सुरई लवंडली. चूल कायमची तिच्या नावे झाली, वर खानाच्या हातातलं सोन्याचं कडं मिळालं. तिने ते तिथल्या तिथे राखेने घासून बघितलं. खरं निघालं.

"पण बाई," खान डोळे पुसत म्हणाला, "आमच्या खानसाम्याने ही चीज चाखलेली दिसत नाही."

"त्याच्या वाटणीची झाकून ठेवलीत, सरकार. तुम्ही जरा बाजूला झालात की गरमगरम वाढते!"