जॅक आणि पाठमोरी खुर्ची

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध यंत्रज्ञ राहत होता. त्याने पुष्कळ विद्या संपादन केली होती, मोठमोठ्या ठिकाणी शिकवलेही होते. पण इतके शिकूनही त्याची एक खोड गेली नव्हती. कोणतेही काम झाले की तो म्हणे, "बरोबर झालं ना रे? पुन्हा एकदा बघू या." घट्ट बसवलेला नट तो पुन्हा घट्ट करी आणि मग तो जास्तच आवळला गेला की काय, या काळजीने किंचित सैल करी. लोक त्याला मास्तर म्हणत. ते त्याची थट्टा करत, पण गाडी मात्र त्याच्याच अंगणात आणत.

त्याच्यापाशी एक शिष्य होता. शिष्य हुशार होता आणि स्वभावाने उतावळा होता. घाट उतरून येणाऱ्या गाड्यांची चाके तिथे वारंवार पंक्चर होत, आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून जॅक फिरवणारे चालक त्याला रोज दिसत. जुन्या जॅकचा दांडा थोडा फिरवायचा, काढायचा, पुन्हा अडकवायचा, पुन्हा थोडा फिरवायचा. बोटांची सालटी निघत, कंबर धरे, आणि एवढे करून गाडी बोटभर वर जाई. हे पाहून शिष्याने ठरवले की या जॅकमध्ये सुधारणा करायची.

"कर की," मास्तर म्हणाले. "माझी हरकत नाही. म्हणजे, हरकत असण्यासारखं काही दिसत नाही निदान."

शिष्याने जॅकच्या स्क्रूला दात असलेले चक्र बसवले आणि त्याला एक लांब दांडा जोडला. आता खाली बसायला नको होते. ताठ उभे राहून दांडा मागेपुढे हलवला की एक छोटा खटका चक्राचा एकेक दात पकडी, स्क्रू फिरे आणि ओझे वर चढे. अंगणातल्या चौकटीवर दगड रचून तो रोज नव्या जॅकची परीक्षा घेई. दगड वर गेले की त्याचा चेहरा फुलून येई. तेवढ्यात त्याला आणखी काहीतरी सुचे, आणि तो धावत जाऊन कागदावर नवी आकृती काढू लागे. संध्याकाळी मास्तर अंगण आवरत. वर राहिलेले ओझे उतरवत, हत्यारे पुसत, फाटक लावत. ते सारे कोण करते, हे शिष्याच्या ध्यानातही येत नसे.

होता होता या जॅकची वार्ता घाटापलीकडच्या एका व्यापाऱ्याच्या कानी गेली. मोटारींचे सुटे भाग करण्याचा त्याचा कारखाना होता. त्याने निरोप धाडला, 'बाजारासाठी खाली उतरणारच आहे, वाटेत थांबतो. मनास आला तर जॅक आमच्याकडेच करू.'

शिष्याचा आनंद गगनात मावेना. आपण कागदावर काढलेली वस्तू गावोगावच्या गाड्यांत जाऊन बसणार! त्याने अंगण झाडले, जॅकला रंग दिला आणि ठेवणीतला पांढरा सदरा अंगात चढवला.

व्यापारी आला. गडी गोल चेहऱ्याचा आणि हसतमुख होता. त्याचा चालक हुसेनभाई त्याहून हसतमुख. गाडी अंगणात उभी राहिली. शिष्याने जॅक मागल्या चाकाजवळ खाली सरकवला, दांडा हाती घेतला आणि मास्तरांकडे मोठ्या आशेने पाहिले.

मास्तर उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि गाडीकडे पाठ करून, कुंपणावरच्या कोरांटीकडे पाहत स्वस्थ बसले.

"मास्तर," शिष्य दबक्या आवाजात म्हणाला, "गाडी इकडे आहे."

"ठाऊक आहे रे बाबा. तुझं चालू दे."

"शिष्यावर रागावलेत वाटतं," हुसेनभाई व्यापाऱ्याच्या कानाशी लागला, पण सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

शिष्याचा चेहरा पडला, तरी त्याने दांडा हलवायला सुरुवात केली. कट, कट, कट असा आवाज होऊ लागला आणि गाडी पाण्यावर तरंगावी तशी वर चढली. व्यापारी उत्साहाने पुढे आला. त्याने स्वतः दोनचार हात मारून पाहिले. "वा! एका हातानं! हुसेनभाई, बघा, तुमचं पोट आड येणार नाही आता!"

"शेठ, माझं पोट राहू द्या, आधी तुमचं बघा," हुसेनभाई म्हणाला आणि सगळे हसले. चाक काढून झाले, पुन्हा बसवून झाले. शिष्याला वाटले, आपण जिंकलो. मग मास्तर पाठमोरे का? आपले कौतुक त्यांना बघवत नाही की काय? असा विचार मनात आल्याची त्याला लाजही वाटली, पण विचार जाईना.

"झाली वर?" कोरांटीकडे पाहतच मास्तरांनी विचारले.

"झाली!" व्यापारी म्हणाला.

मास्तर उठले. त्यांनी खुर्ची पुन्हा फिरवली, गाडीच्या अगदी समोर आणून ठेवली आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "हं," ते म्हणाले. "आता मी बघतो. उतरव."

शिष्याने दांडा उलट्या बाजूने दाबला. गाडी जराशी आणखी वर गेली. त्याने दांडा हिसडला. गाडी आणखी वर. तेव्हा त्याला आठवले की उतरवायचे असेल तर खटका उलटा पाडावा लागतो. आणि खटका होता स्क्रूच्या डोक्यापाशी, म्हणजे गाडीच्या खाली, आतल्या अंगाला.

तो गुडघ्यांवर बसला. हात पोहोचेना. मग तो पोटावर आडवा झाला. तरी हात पोहोचेना. शेवटी तो खांद्यापर्यंत गाडीखाली शिरला आणि चाचपडू लागला.

"अरे अरे, हात सांभाळ!" व्यापारी ओरडला. "वर सगळी गाडी आहे!"

हुसेनभाईने त्याचे पाय धरले आणि ओढून बाहेर काढले. पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून कमरेपर्यंत ग्रीसचा काळा पट्टा उमटला होता. अखेर एका लांब सळईने ढोसून ढोसून खटका पडला, आणि गाडी कशीबशी जमिनीला टेकली.

व्यापारी हसला, पण मघासारखे नाही. "पोरा, डोकं आहे तुला. पण माझ्या गिऱ्हाइकानं ताठ उभं राहून गाडी उचलायची आणि उतरवायला तिच्याखाली झोपायचं? असा जॅक मला विकता येणार नाही. बाजार आटोपून मी याच वाटेनं परत जाणार आहे. तोवर काही जमलं तर दाखव. नाही तर रामराम." जाता जाता हुसेनभाई म्हणाला, "सदरा रॉकेलमध्ये भिजव, डाग जातो."

गाडी दिसेनाशी झाली आणि शिष्याचा संताप उसळला. "मास्तर, तुम्हाला हे माहीत होतं!"

"होतं."

"कधीपासून?"

"फार दिवसांपासून. तू दगड वर चढवून निघून जायचास ना, ते संध्याकाळी मी उतरवायचो. चौकटीखाली वाकून खटका पाडायचा म्हणजे माझ्या गुडघ्यांची परीक्षाच असायची."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज तुझा चेहरा बघून वाटायचं, उद्या सांगू. मग आज वाटलं, सांगून तुला ते कळणार नाही. दिसलं तरच कळेल. तू आणि शेठ, दोघंही गाडी वर जातानाच बघणार, हे मला ठाऊक होतं. कुणीतरी ती उतरताना बघणारं हवं, म्हणून मी चढताना पाठ फिरवली. माझं चुकलंही असेल. पण एक सांगू?"

शिष्य रागाने सदऱ्यावरचा डाग घासू लागला, पण कान मास्तरांकडेच होते.

"गाडी वर चढवणं हे जॅकचं अर्धं काम. वर चढलेली गाडी कुठे जाते? कुठेच नाही. ती हवेत लटकलेली असते, चालत नाही. ज्या क्षणी ती पुन्हा आपल्या चाकांवर उभी राहते आणि जॅक खालून निघून जातो, त्या क्षणी जॅकचं काम पुरं होतं. उचलताना सगळे टाळ्या वाजवतात. म्हणून सगळी बुद्धी तिथे खर्च होते, आणि अलगद खाली ठेवण्याचा विचार कुणी करत नाही. तू केला नाहीस, कारण तुझं ओझं मी उतरवत होतो. तेव्हा तुझ्या जॅकमधली अर्धी चूक माझी."

शिष्याचा राग कुठल्या कुठे गेला. सळईने ढोसलेला तो खटका मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मग आता?" त्याने विचारले.

"आता उलटं करू. उचलायचं मी, उतरवायचं तू."

दुसऱ्या दिवसापासून तसे सुरू झाले. मास्तर दांडा धरून ताठ उभे राहत आणि दगड वर चढू लागले की लहान मुलासारखे हरखून जात. "ओहो! अरे, किती मजा येते रे यात! तू एकटाच लुटत होतास होय?" मग ते टाळ्या वाजवत, आणि "मला एक सुचलंय!" असे मुद्दाम ओरडून घरात पळत. शिष्य हसत हसत चौकटीखाली वाके आणि त्याची पाठ दुखू लागली की हसू आपोआप थांबे.

वाकून वाकून त्याला एकेक गोष्ट उमगू लागली. खटक्याला हात लावायला आत जावेच का लागावे? त्याने एक बारीक सळई घेतली, दांड्याच्या अंगाअंगाने ती खटक्यापर्यंत नेली आणि तिच्या वरच्या टोकाला एक लाकडी मूठ बसवली. उभ्यानेच मूठ अर्धी फिरवली की खटका उलटा पडे. मग तोच दांडा तसाच मागेपुढे हलवायचा, आणि ओझे दातादाताने, धक्का न देता खाली येई. पहिल्यांदा दगड असे अलगद टेकले तेव्हा शिष्याने घरात डोकावून हाक मारली. "मास्तर, बघायला या! नाही, वर चढताना नको, आता उतरताना."

मास्तर आले, त्यांनी पाहिले, आणि मूठ स्वतः फिरवून पाहिली. "बरोबर झालं ना रे?" ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "झालं की." पुन्हा एकदा बघू या, असे ते या वेळी म्हणाले नाहीत.

बाजार आटोपून व्यापारी परत आला. शिष्याने त्याच्यासाठी खुर्ची मांडली, ती कोरांटीकडे तोंड करून.

"हे काय? पुन्हा पाठ?" व्यापारी म्हणाला. "आणि या वेळी माझी?"

"बसा तर शेठ. चहा घ्या."

व्यापारी कोरांटीकडे पाहत चहा पिऊ लागला. मागे कट, कट, कट आवाज झाला. "शेठ, फुलं चांगली आहेत का?" हुसेनभाईने विचारले. "गप्प बसा," व्यापारी म्हणाला, पण हसू त्याला आवरेना.

"वर गेली. आता वळा," शिष्य म्हणाला. त्याने मूठ व्यापाऱ्याच्या हाती दिली. "अर्धी फिरवा, आणि दांडा हलवत राहा."

व्यापाऱ्याच्या एका हातात कप होता, तो त्याने खाली ठेवला नाही. दुसऱ्या हाताने मूठ फिरवली, दांडा धरला, आणि गाडी हळूहळू खाली येऊ लागली. चाक जमिनीला टेकले तेव्हा कपातला चहा हिंदकळलासुद्धा नाही.

"माझ्याकडे ये," व्यापारी म्हणाला. "जॅक तर करूच, पण करून घ्यायला तूच हवास. माझ्या माणसांना ही मूठ कळायची नाही. आज गाडीत जागा आहे. येतोस?"

शिष्य मास्तरांकडे वळला. आता त्यांनी वर चढवलेले दगड कोण उतरवणार, नट सैल झाला की घट्ट झाला हे त्यांना कोण सांगणार? "मी इथेच राहिलो तर नाही का चालणार? इथूनच कामं केली असती," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाक बसलं आहे रे," ते म्हणाले. "मला वाटतं, बसलं आहे. जॅक खाली तसाच ठेवून कुणी गाडी चालवतं का?"

शिष्य वाकून त्यांच्या पाया पडला आणि गाडीत बसला. गाडी फाटकाबाहेर पडून घाटाला लागली. पहिल्या वळणावर त्याने मागे वळून पाहिले. अंगणात मास्तर खुर्चीवर बसले होते. खुर्चीचे तोंड या वेळी रस्त्याकडे होते, आणि ते चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवत होते.

मग शिष्याला कळले की मास्तरांनी या वेळी पाठ का फिरवली नाही: आपल्या चाकांवर निघालेली गाडी त्यांना बघायची होती.