आमची कोठेही शाखा नाही

“…बरं, मग ‘नादश्री’?”

“उदबत्तीचं नाव हाय ते.”

“‘सूरमंदिर’?”

“देऊळ बांधतोयस?”

“‘मगदूम म्युझिक हाऊस’?”

हबीबचाचांनी हातातली कानस खाली ठेवली. “हाऊस कुठाय? दहा बाय बाराचा गाळा हाय तुझा.”

सुकुमार मगदूमनं हातातल्या कागदावर आणखी एक काट मारली. वहीतून फाडलेला कागद होता. वरपासून खालपर्यंत नावंच नावं, आणि निम्म्याहून जास्त खोडलेली.

मिरजेतल्या त्या गल्लीत घराघरांसमोर भोपळे वाळत टाकलेले असतात. त्या भोपळ्यांचे तंबोरे होतात. सुकुमार बारा वर्षं हबीबचाचांकडे तेच शिकला होता. येत्या गुरुवारी त्याचं स्वतःचं दुकान उघडायचं होतं, तेही चाचांच्या बरोबर समोर. सगळं झालं होतं. नाव तेवढं राहिलं होतं.

मी तिथं असण्याचं कारण साधं होतं. मी सांगलीत गाणं शिकवतो. माझा तंबोरा तारा बदलायला दिला होता, तो न्यायला आलो होतो. तंबोरा तयार होऊन भिंतीला टेकला होता. उचलायचा आणि बस धरायची, एवढंच काम. पण दोन माणसांची जुंपली की मधून उठून जाणं मला जमत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ऐकायचंही होतं.

हबीबचाचांच्या घराची एक रीत होती. शिष्य वेगळा झाला की त्याच्या दुकानाचं नाव उस्तादानं आधी तोंडानं उच्चारायचं. मगच ते पाटीवर जायचं. नाव मिळालं नाही म्हणून दुकान अडत नसे, कुलूप कुणीही उघडू शकतं. पण मग तो त्या घरचा शिष्य राहत नसे. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. सुकुमारचं तोंड सुकलं होतं ते त्यामुळेच.

“पुण्याहून आत्याच्या मुलानं सांगितलंय,” तो म्हणाला. “नाव लहान पाहिजे. फोनवर शोधलं की पहिलं आलं पाहिजे. आणि ज्योतिषी म्हणाले, ‘न’वरून पाहिजे.”

“आणि तंबोरा कसा पाहिजे म्हणाले दोघं?”

सुकुमारनं कागदावर आणखी एक काट मारली.

चाचा तसे तिरसट नव्हेत. पण त्या दिवशी त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. सुकुमारचं एकेक नाव ते माशी मारावी तसं मारत होते, आणि बोलताना त्याच्याकडे बघत नव्हते. दाराबाहेर बघत होते.

“चाचा, बारा वर्षं झाली. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही.”

चाचांनी कानस पुन्हा उचलली.

“एक नाव मागतोय.”

“माझ्याकडं कशाला? तुझी पाटी लिहून झाली की.”

“कुठं झाली? अजून…”

चाचांनी बोट केलं.

समोर, सुकुमारच्या गाळ्यापुढं, शिवाप्पा पेंटर स्टुलावर बसून बिडी ओढत होता. त्याच्यापुढं पत्र्याची नवी पाटी उभी होती. वरचा सगळा भाग पांढरा, कोरा. खाली मात्र तांबड्या ठसठशीत अक्षरांत एक ओळ रंगवून, वाळूनही गेली होती.

आमची कोठेही शाखा नाही.

नाव ठरेना, म्हणून शिवाप्पानं खालची ओळ आधी उरकून घेतली होती. ती काय, प्रत्येक पाटीवर तीच असते.

“काल संध्याकाळपास्नं वाचतोय मी,” चाचा म्हणाले. “शाखा न्हाई म्हणं. मग तू कोण रं?”

सुकुमारचे कान लाल झाले.

“ते सगळेच लिहितात, चाचा.”

“सगळे बारा वर्षं माझ्यासमोर मांडी घालून बसले हुते?”

सुकुमारच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मिठाईवाल्यापासून चष्मेवाल्यापर्यंत सगळे लिहितात म्हणून त्यानंही लिहायला सांगितलं. त्या ओळीचा अर्थ काय होतो, याचा त्यानं विचारच केला नव्हता. आणि मला राग आला तो त्याचाच. सूतभर इकडचं तिकडं झालेलं ज्याच्या कानाला कळतं, त्याच्या डोळ्यांना एवढी मोठी तांबडी ओळ कळू नये?

मी काही बोलणार होतो. पण तेवढ्यात सुकुमारच पेटला.

“शाखाच होतो ना मी. बारा वर्षं दुसरं काय होतो?”

“आवाज खाली.”

“नाही. आज ऐका. गेल्या सात वर्षांत या दुकानातून गेलेले निम्मे तंबोरे मी केलेत. भोपळा मी कापला, दांडी मी जोडली, पॉलिश मी केलं. गवई तंबोरा मांडीवर घेतात आणि म्हणतात, वा हबीबभाई. मी इथंच बसलेलो असतो. तुम्ही एकदा तरी म्हणालात, की हा या पोराचा आहे? एकदा तरी? सगळं तुमच्या चिठ्ठीखाली गेलं.”

“माझ्या?”

चाचांनी खोक्यातून एक चिठ्ठी काढून त्याच्यापुढं टाकली. पिवळट कागदाची, बोटभर लांबीची. प्रत्येक तंबोऱ्याच्या मागं दांडीला ती चिकटवतात.

“वाच.”

“काय वाचायचं त्यात? मीच चिकटवतो की रोज.”

“वाच म्हणतो ना.”

“…इमामसाहेब, मिरज.”

“इमामसाहेब माझा आजा. मी जन्मायच्या आधी गेला. माझं नाव कुठाय त्यात?”

सुकुमार चिठ्ठीकडे बघत राहिला. रोज खळ लावून चिकटवणारा माणूस, पण बहुतेक त्या दिवशी त्यानं ती पहिल्यांदाच वाचली असावी.

तरी तो हटला नाही. ते मला आवडलं.

“म्हणजे तुम्ही आयुष्यभर गप्प बसलात,” तो म्हणाला, “म्हणून मीही बसायचं?”

चाचा आणखी चिडले.

“निम्मे तुझे म्हणतोस. कुठले?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला न्हाई म्हाईत. तू सांग.”

आणि त्यांनी हात लांब करून माझा तंबोरा ओढला. मला विचारलंसुद्धा नाही. मांडीवर घेतला आणि छेडला.

पंचम… षड्ज… षड्ज… खालचा षड्ज.

त्या तंबोऱ्याविषयी मी जास्त बोलणार नाही, माझा आहे म्हणून बोललो असं वाटेल. सात वर्षांपूर्वी मी तो याच दुकानातून घेतला. एवढंच सांगतो, की तो लागला की मला गाणं यायला लागतं, आणि तो बंद झाला की मी पुन्हा सांगलीतला मास्तर होतो. बाहेर शिवाप्पानं बिडी विझवली.

“डोळे मीट,” चाचा म्हणाले. “कुणाचा हाय?”

सुकुमारनं डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. राग त्याच्या चेहऱ्यावर अजून होताच, पण तो पोरगा सुराबद्दल खोटं बोलणारा नव्हता.

“तुमचा.”

“नक्की?”

“हो.”

“पुन्हा ऐक.”

पुन्हा चार तारा.

“तुमचाच आहे, चाचा. का छळताय? हा माझा असता, तर मी तुमच्याकडे नाव मागायला आलोच नसतो.”

चाचांनी तंबोरा थांबवला आणि खुंट्या उलट्या पिळायला लागले.

एक तार सैल पडली. मग दुसरी.

“अहो चाचा,” मी म्हणालो, “तयार झालेला तंबोरा आहे. माझी बस…”

“बसा, मास्तर.”

मी बसलो. पण मला भयंकर राग आला होता. भांडण यांचं आणि तारा माझ्या.

चारही तारा लोंबायला लागल्या. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आता मोकळी झाली होती. तारांचा ताण असतो तोवर ती जागची हलत नाही. चाचांनी ती दोन बोटांनी उचलून तळहातावर घेतली.

तिच्याखालचं लाकूड फिकं होतं. तिथं पॉलिश पोचलेलं नव्हतं. आणि त्या फिक्या लाकडावर खिळ्याच्या टोकानं कोरलेलं एक अक्षर होतं.

सु.



सुकुमार पुढं सरकला. अक्षरावरून त्यानं बोट फिरवलं.

“हा…” तो म्हणाला. “हा तिसरा. माझा तिसरा. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला गेला होता तेव्हा कोरलं…”

“सांगितलं का न्हाईस?”

“तुम्ही चिडला असता.”

“चिडलो असतोच.”

“पण जवारी…”

घोडीची पाठ कानशीनं घासत घासत अशी आणायची, की तार नुसती वाजत नाही, फुलते. ती जवारी. भोपळा, दांडी कुणीही करील, तंबोरा कुणाचा ते जवारीवरून ठरतं.

“जवारी बी तुझीच,” चाचा म्हणाले. “मी कानस लावलेली न्हाई.”

“कधीच?”

“लागलीच न्हाई कधी. मास्तरांना इचार.”

मी मान हलवली. सात वर्षांत मी त्यांच्याकडे फक्त तारांसाठी आलो होतो.

“आजवर एकेक तार बदलली. घोडी कधी निघालीच न्हाई,” चाचा म्हणाले. “काल चारी एकदम सोडल्या, तर ही हातात आली. सात वर्षं, सुकुमार… सात वर्षं मी येईल त्या गवयाला ह्यो तंबोरा सांगतोय. म्हणतोय, मास्तरांचा ऐकून या, माझ्या हातचा हाय.”

इतका वेळ ते सुकुमारवर चिडले होते असं मी समजत होतो.

“मला ऐकू आलं न्हाई,” ते म्हणाले. “आणि तुला बी न्हाई.”

सुकुमार उठला. मला वाटलं, निघाला. उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

“शिवाप्पा, खालची ओळ पुसा.”

“वाळली की ती.”

“खरवडून काढा.”

“पत्रा खराब हुईल, मालक.”

“होऊ दे.”

शिवाप्पा पुटपुटत उठला. पत्र्यावर पातं घासल्याचा आवाज यायला लागला. कानाला लागेल असा तो आवाज होता, पण आम्ही तिघंही तो ऐकत राहिलो. ‘आमची’ गेलं. ‘कोठेही’ गेलं.

मग शिवाप्पानं तिथूनच विचारलं, “आन् वर काय लिवू?”

सुकुमारच्या हातात तो कागद अजून होता. त्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. वळला, आणि चाचांसमोर येऊन पूर्वीसारखी मांडी घालून बसला.

“चाचा…”

तारा लोंबत होत्या. ते अक्षर दाराच्या उजेडात लख्ख दिसत होतं. चाचांनी तळहातावरची घोडी त्याच्या मुठीत कोंबली.

“आधी ही बसव, मग पाटीचं सांगतो. नाव उघडं हाय तवर त्यो वाजायचा न्हाई.”