बादलीशेजारचा फोन

"पण अक्का, फोनमध्ये दोषच नाही, तर मग दुरुस्त काय करू?"

यशोधनने फोन टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. फक्त आवाज होऊ दिला नाही.

सगुणाक्कांनी मान वर केली नाही. त्या दुसऱ्याच एका फोनच्या पोटात चिमटा घालून बसल्या होत्या.

"दोष नाही, असं कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. मीटर म्हणतोय. इथं लावला की झकास चार्ज होतो. घरी नेला की मेलेला."

"मग दोष आहे की. तुला सापडला नाही एवढंच."

यशोधनची कानशिलं तापली.

सगुणाक्कांचं दुकान इचलकरंजीत, यंत्रमागांच्या खडखडाटातच वसलेलं. आधी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टीव्ही, आता मोबाईल. दुकानाची पाटी कधीच बदलली नाही आणि अक्काही बदलल्या नाहीत. गावात म्हणत, अक्का फोन उघडत नाहीत, फोनच त्यांच्यापुढे आपलं मन मोकळं करतो. यशोधन मगदूम त्यांच्याकडे शिकायला आला तो कोर्समध्ये पहिला येऊन. हात चपळ, नजर तयार. एकच गोष्ट त्याला जमत नसे. कुणी बोलत असलं की शेवटपर्यंत ऐकून घेणं.

"पहिल्यांदा आला तेव्हा काय केलंस?" अक्कांनी विचारलं.

"तूस काढलं."

यात नवल काही नव्हतं. या गावाच्या हवेतच कापूस. खिशातल्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात तूस शिरतं, दाबून बसतं, आतल्या आत गादी तयार होते. फोन चार्ज होत नाही म्हटलं की इथले दुकानदार गिऱ्हाइकाला काही विचारत नाहीत, टूथपिकच उचलतात.

"निघालं तूस?"

"निघालं... म्हणजे थोडंसं."

"पैलवानांनी मागावर जायचं सोडलंय, यशा. त्यांच्या खिशात तूस कुठून येणार?"

खरं तर काहीच निघालं नव्हतं. पण निघायला हवं होतं, म्हणून त्याला ते दिसलं होतं.

"नंतर वायर बदलली, चार्जर बदलला," तो घाईनं म्हणाला. "त्यांच्या घरी जाऊन विजेचा बोर्ड तपासून आलो. सगळं ठणठणीत. बॅटरी फुगलेली नाही. आता चार्जिंगची पट्टीच बदलतो, म्हणजे कटकट मिटली."

"चांगली पट्टी काढून दुसरी चांगली पट्टी घालणार?"

"मग काय करू?"

अक्कांनी चिमटा खाली ठेवला. दाराबाहेरच्या बाकाकडे बघत हाक मारली.

"पैलवान, आत या की."

आप्पासो चौगुले आत आले, तसा दुकानातला उजेड कमी झाला. एकेकाळी आखाडा गाजवलेला माणूस. कान चेमटलेले, मान खांद्यात रुतलेली. हातात एक फुगलेली पिशवी.

"झाला काय?" त्यांनी विचारलं. "पाच वाजता पोरीचा फोन येणार हाय."

पोरगी म्हणजे कस्तुरी. बायको गेल्यावर पैलवानांनी तिला एकट्यानं वाढवलेलं. ती पोलिसात भरती झाली, ट्रेनिंगला गेली. जाताना हा फोन तिनंच घेऊन दिला होता. ट्रेनिंगच्या ठिकाणी पोरींचे फोन काढून घेतात आणि रविवारी संध्याकाळी तेवढे जरा वेळ हातात देतात. आज रविवार.

"गेल्या रविवारी काय झालं, सांगा याला," अक्का म्हणाल्या.

पैलवानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"रडत होती. म्हणली, आबा, मला जमत न्हाई, येऊ का परत? मी तोंड उघडतोय तवर ह्यो बंद." त्यांनी फोनकडे बघितलं, पण बोट लावलं नाही. "आज बोलणं झालं तर झालं. न्हाईतर सहाच्या गाडीनं जातोय आणि घेऊन येतोय तिला. पिशवी भरूनच आलोय."

"एवढंच ना?" यशोधन पुढं सरसावला. "सिम माझ्या फोनात घालू. बोला पोटभर. विषय संपला!"

"बोलणं होईल..." अक्का म्हणाल्या. "मग हे तिला सांगतील काय?"

"ते त्यांचं ते बघतील, अक्का. आपण फोनवाले."

अक्का पैलवानांकडे वळल्या.

"घरी फोन कुठं लावता?"

"सोप्यात. कडाप्प्याच्या फरशीवर."

"शेजारी काय असतं?"

पैलवान खाकरले. आपल्या चपलेकडे बघत राहिले.

"...बादली."

"कसली बादली?" यशोधननं विचारलं.

"पाण्याची."

यशोधनला हसू आवरलं नाही. "फोनला पाणी दाखवता, पैलवान? म्हैस हाय काय ती?"

अक्कांची बोटं टेबलावर थांबली. यशोधननं हसू आवरतं घेतलं.

शेजारच्या शेडमधले माग खडखडत होते.

आणि मग त्याला आठवलं. गावात कुणाला आठवत नव्हतं? पैलवान ज्या शेडमध्ये जॉबर होते, माग दुरुस्त करत, तिथं कुणीतरी कापसाच्या ढिगावर फोन चार्जिंगला ठेवला आणि ढीग पेटला. पैलवानांनी कांड्या भरणाऱ्या बाया खांद्यावर टाकून बाहेर आणल्या. पुन्हा आत गेले. गावानं फेटा बांधला, मिरवणूक काढली. त्यानंतर ते मागावर गेले नाहीत. गुडघे गेले, म्हणत.

ही आग यशोधनला ठाऊक होती. ही बादलीही आता ठाऊक झाली होती. पण दोन्हींची गाठ त्याच्या डोक्यात आत्ता कुठं पडत होती. फोन तापला की... तापला की पैलवान पिन उपटत असणार. पुन्हा लावत असणार, पुन्हा उपटत असणार. भरणार कसा तो?

सापडलं! तो टुणकन उठला.

"अक्का, म्हणजे हे घाब..."

"यशा, चहा सांग."

"पण अक्का..."

"तीन. पैलवानांचा बिनसाखरेचा."

तो दारात गेला, समोरच्या टपरीवाल्याला हाक मारली आणि वळला. तेवढ्यात अक्कांनी फोन उंबऱ्याजवळच्या फरशीवर मांडला होता, वायर जोडली होती, आणि दोन स्टुलं ओढली होती.

"पैलवान," त्या म्हणाल्या, "तेवढं जरा माझ्याजवळ बसता का?"

"का ओ?"

"मला भीती वाटते."

पैलवानांनी मान वर केली. "तुमास्नी?"

"फोन तापायला लागला की माझा जीव वरखाली होतो. या पोराला सांगितलं तर हे दात काढतंय, बघितलंत न्हवं आता. तुम्ही शेजारी असला तर बरं."

पैलवानांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. थट्टा कुठं लपलीय का, बघत असावेत. नव्हतीच.

ते बसले. स्टूल कुरकुरलं.

फोनच्या काळ्या काचेवर बॅटरीचं चिन्ह उमटलं. चहा आला. कुणी कप उचलला नाही.

थोड्या वेळानं पैलवानांची बोटं मांडीवर हलायला लागली. कपाळावर घाम डवरला. यशोधन बघत होता. ज्या हातांनी जळत्या शेडचं दार उखडलं, ते हात एका बारक्या वायरीकडे सरकत होते आणि मागं येत होते.

"तापला वाटतं," अक्का हळूच म्हणाल्या. "काढू या का?"

पैलवानांचा हात वायरीपर्यंत गेला होता. तिथंच थबकला. त्यांनी अक्कांकडे बघितलं. म्हातारीचा चेहरा खरोखरच ओढलेला होता.

"थांबा की ओ," ते म्हणाले. "एवढ्यात काय होतंय? मी हाय न्हवं."



"हात लावून बघता?" अक्कांनी विचारलं. "उलटा हात. लेकराच्या कपाळाला लावतात तसा."

पैलवानांनी तो भलाथोरला पंजा पालथा केला आणि फोनवर टेकवला. एवढा हलका, जणू खाली कुणी झोपलं होतं.

"गरम हाय."

"चटका बसतोय?"

"न्हाई... कणकण असती तसं."

"हात राहतोय त्यावर?"

"ऱ्हातोय की."

"राहतोय तोवर राहू द्यायचं. हात ठेववंना झाला तर आधी बटण बंद करायचं, मग पिन काढायची. पाणी नाही घालायचं, बादली लांब ठेवा. आणि कधी पाठ फुगलेली दिसली, तर लावायचाच नाही. तसाच माझ्याकडं आणायचा."

पैलवानांनी मान हलवली. मग जरा थांबून, अक्कांना धीर देत असल्यासारखं म्हणाले, "ह्यो न्हाई फुगत. बघितलाय मी."

दोघं बसून राहिले. चहावर साय धरली. एकही स्क्रू निघाला नाही, मीटरला कुणी हात लावला नाही. यशोधन भिंतीला टेकून उभा होता. बसावं की काम करावं, ते सुचत नव्हतं. आणि इतकी मोठी दुरुस्ती त्यानं या दुकानात पाहिली नव्हती, हे मात्र त्याला उभ्या उभ्याच कळत होतं.

फोन वाजला.

पैलवान केवढ्यानं दचकले! अक्कांनी वायर काढून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं स्पीकर लावला.

"आबा? आबा! लागला की फोन!"

"लागला गं."

"आबा..." पलीकडे आवाज फुटला. "पायाला फोड आल्यात. पहाटे पळवतात, दुपारी पळवतात. सगळ्यात मागं मीच असते. मी येऊ का परत?"

पैलवानांनी पिशवीकडे बघितलं. यशोधनला वाटलं, आता 'ये' म्हणणार. म्हणणारच. सहाच्या गाडीला अजून वेळ होता.

"फोड फुटल्यात काय?" पैलवानांनी विचारलं.

"न्हाईत."

"पाय टेकतोय?"

"...टेकतोय."

"मग आज ऱ्हा. उद्याबी बघ. टेकंनाच झाला तर तिथल्या मॅडमला सांगून निरोप धाड, मी त्याच राती निघतो. पिशवी भरलेली हाय."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"काय भरलंय पिशवीत?"

"शेंगाची चटणी. आणि चार टॉवेल."

"चार टॉवेल कशाला, आबा?"

"काय म्हाईत. भरलं आपलं."

कस्तुरी हसली. रडतारडता हसली, पण हसली. "आबा, मी राहते," ती म्हणाली. "जमंल तेवढं बघते." मागं शिट्टी वाजली आणि फोन बंद झाला.

पैलवान बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग उठले. फोन छातीजवळच्या खिशात ठेवला, वरून हात दाबला.

"अक्का, भिऊ नगासा," दारात वळून ते म्हणाले. "पुढच्या रविवारीबी येऊन बसतो तुमच्याजवळ."

"या," अक्का म्हणाल्या. "वाट बघते."

पैलवान स्टँडच्या वाटेला लागले नाहीत. पिशवी खांद्याला लावून घराकडे वळले.

यशोधननं गार झालेले कप उचलले. तसेच पुन्हा खाली ठेवले.

"अक्का, मी मघाशी बोललो असतो तर..."

अक्कांनी टेबलावरचा दुसरा फोन जवळ ओढला.

"ते पुन्हा कधी इकडं फिरकले नसते," तोच म्हणाला.

अक्कांनी तो फोन उघडला होता. त्याची बॅटरी पाठीला चिकटलेली. पातळ पट्टी आत सरकवून ती उचलायची होती. जरा चुकली तर भोक पडेल, भोक पडलं तर पेट घेईल.

"पण एक विचारू?" यशोधन जवळ आला. "त्यांच्यासाठी तुम्ही खोटं बोललात. तुम्हाला कुठली आलीय भीती? इतकी वर्षं हेच तर करताय."

अक्कांनी पट्टी बॅटरीच्या कडेला टेकवली. डोळे बारीक केले. श्वास आत घेतला... आणि तसाच धरून ठेवला.

पट्टी केसभर सरकली.

मग श्वास सोडून त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी वाटायची थांबेल ना, यशा, त्या दिवशी माझ्या हातातून ही पट्टी काढून घे. मी देणार नाही... तरी घे."